कोपरापर्यंतचं पाणी

दोरी संपली, पण थाळी काही दिसेनाशी होईना.

पाण्याच्या स्वच्छतेचं हे सरकारी माप. काळी-पांढरी थाळी दोरीनं खाली सोडायची, जितक्या खोलवर दिसेल तितके गुण जास्त. इथं ती थेट तळाला जाऊन बसली आणि तिथूनही तपासणीला आलेल्या साहेबांकडे बघत राहिली.

"पैकीच्या पैकी," असं म्हणत साहेब बदकाच्या आकाराच्या बोटीतून काठावर उतरले. सरपंच ताराचंदभाऊंचा चेहरा थाळीपेक्षा उजळला. 'निर्मळ तलाव' स्पर्धेत त्यांच्या हिंगणीच्या आसपासचं एकही गाव आजवर इतकं खोल गेलं नव्हतं.

पुनाजी मघापासून अर्ज धरून उभा होता. या तलावात जाळं टाकण्यात त्याच्या बापाचा जन्म गेला, त्याचाही अर्ध्याहून जास्त. अर्जात एकच मागणी होती: उन्हाळ्यात तलावाचं पाणी सोडून द्यावं. तळ उघडा पडला की दगडांना चिकटलेल्या शिंपल्या वाळून मरतील, आणि पावसाळ्यात नवे मासे सोडता येतील.

"इतकं स्वच्छ पाणी सोडून देऊ?" साहेबांना खरंच वाईट वाटलं.

"साफ नाई जी, उपाशी हाय पाणी. मासोयी ज्याच्यावर जगते ते बारीक हिरवं शेवाळ शिंपल्या गाळून खाऊन राह्यल्या."

"म्हणजे फुकटात सफाई!" साहेबांनी वहीत 'नैसर्गिक उपाययोजना' असं लिहून घेतलं.

शिंपल्या तीन वर्षांपूर्वी आल्या, त्या याच बदकाच्या पोटाला चिकटून. नौकाविहारासाठी कुठूनशी जुनी बोट आणली होती. विहार दोन रविवार चालला. शिंपल्या राहिल्या.

"सारंच नाई खात त्या," पुनाजीची बायको रुखमा पुढे झाली. "जहरी शेवाळ थुकून देते. ते मोकाट वाढून राह्यलं. तिकडच्या कोपऱ्यात पाहा न साहेब, रंगाचा डबा सांडल्यावानी साय आली. माही बकरी तिथं पानी प्याली न संध्याकायी मेली."

"नमुना घाटावरूनच घ्यायचा असतो. कोपरा प्रपत्रात नाही."

"मंग घाटावरचं सांगा. पानी इतकं साफ हाय, त एकबी मासोयी काऊन नाई दिसून राह्यली?"

"साहेबाले पाहून लाजल्या असतीन, वहिनी," ताराचंदभाऊ म्हणाले. साहेब हसले. रुखमा हसली नाही.

पुनाजी घाटावर गुडघे टेकून बसला. बाही वर सारून त्यानं उजवा हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत.

"माह्या बापाचं माप हाय जी हे. इतका हात घातला का पंजा दिसाले नाई पायजे. तवा समजाचं, पान्यात हिरवं हाय, मासोयीचं पोट भरून राह्यलं. आता मोजा बोटं."

साहेब वाकले. पाचही बोटं दिसत होती. नखांतला मळ दिसत होता. शिंपलीनं कापलेली अंगठ्यावरची चीरसुद्धा दिसत होती. साहेबांनी खरंच मोजली. मग त्यांनी खिशात हात घातला.

रुखमाला वाटलं, पेन काढतात.

साहेबांनी मोबाइल काढला.

"हलू नका! याच्यापुढे थाळी काहीच नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर हाच हात. असं पाणी कुणी सोडतं का हो?"

अर्जाचा कागद पुनाजीच्या डाव्या हातात होता आणि तो फोटोत येत होता. ताराचंदभाऊंनी तो अलगद काढून घेतला, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

"काढू काय जी हात?"

"थांबा. बोटं जरा फाकवा."

पुनाजीनं बोटं फाकवली. त्यांच्या फटींतून तळ लख्ख दिसला, शिंपल्यांनी काळा झालेला.