सफाईचा शॉट

स्टँडमध्ये कचरा नव्हता. श्यामकांतनं वरच्या रांगेपासून खालपर्यंत पुन्हा एकदा नजर फिरवली. जपानमधल्या कोबेत मुलींच्या शाळांचा फुटबॉलचा अंतिम सामना नुकताच संपला होता. रिकाम्या बाटल्या, डब्यांची झाकणं, अगदी टिश्यूचे बोळेसुद्धा आपापल्या पिशवीत भरून माणसं घरी निघायच्या तयारीत होती. जमिनीवर उचलण्यासारखं काही म्हणून नव्हतं.

"काका, हे काय?" उल्का म्हणाली. "जपानी लोक मॅच संपल्यावर स्टेडियम साफ करतात ना? मग करत का नाहीयेत?"

"घाणच केली नाही तर साफ काय करणार?"

"ते अमेरिकेत कुणाला कळणार नाही."

उल्का न्यू जर्सीत वाढलेली, तिथल्या एका क्रीडावाहिनीची निर्माती. वर्ल्ड कप अमेरिकेत भरणार म्हणून तिच्या वाहिनीनं 'अमेरिका सॉकरच्या प्रेमात' अशी मालिका काढली होती. हा खेळ अमेरिकेत येऊन पोचल्याची बातमी ही मंडळी दर चार वर्षांनी देतात, आणि दर वेळी तो पहिल्यांदाच आल्यासारखा चेहरा करतात. यंदा नव्या चाहत्यांना शिस्त शिकवायचं ठरलं होतं. त्यासाठी जपान. अर्धी पृथ्वी ओलांडून कॅमेरा आला होता तो लोकांना केर उचलताना बघायला.

खेळ तिनं पाहिलाच नव्हता. सामनाभर ती फोनमध्ये डोकं घालून होती. मध्यंतराला तिनं विचारलं, अमेरिकन फुटबॉलमध्ये असतात तसे अजून किती क्वार्टर राहिलेत. श्यामकांतच्या मुलीनं, अवंतिकानं, दोन गोल केले. दुसरा तर असा, की समोरच्या शाळेतल्या मुलींच्या आयांनीही टाळ्या वाजवल्या. कॅमेरा बंद होता. बॅटरी कचऱ्यासाठी राखून ठेवली होती.

श्यामकांत हे सगळं गिळत होता ते अवंतिकासाठी. अमेरिकेतली कॉलेजं मुलींना फुटबॉलवर शिष्यवृत्ती देतात, पण त्यांच्या नजरेत भरावं लागतं, आणि कोबेतली शाळकरी मुलगी तिथल्या कुणाच्या नजरेत कशी भरणार? म्हणून त्यानं शूटिंगची परवानगी मिळवली, शाळेची मनधरणी केली. बदल्यात उल्कानं शब्द दिला होता. सफाईचा शॉट मिळाला की लगेच अवंतिकाची मुलाखत, इंग्रजीत, पूर्ण एक मिनिट. आठवडाभर पोरगी आरशासमोर वाक्यं घोकत होती.

"सफाई नाही तर मुलाखत नाही, काका. मी तरी काय करू?"

श्यामकांतनं आपली पिशवी उघडली. त्यात दुपारच्या ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या गोळ्याचं, प्लास्टिक होतं, चहाची रिकामी बाटली होती. फेकायला हात उचलेना. आयुष्याची पंचवीस वर्षं या देशात गेली होती. शेवटी त्यानं बाटली एका खुर्चीवर उभी ठेवली, प्लास्टिक दुसऱ्या खुर्चीवर, आणि तो मागे सरकला.

लगेच एक आजीबाई बाटली दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर आल्या. आपलं हे राहिलं होतं, म्हणाल्या. त्यांच्यामागून एक गृहस्थ प्लास्टिकची नीट घडी करून घेऊन आले. श्यामकांतनं दोघांचेही वाकून आभार मानले.

"काका, ठेवताय काय? फेका."

त्यानं फेकलं. बाटली पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेली. कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. इथं राहून त्याला एवढं नक्की कळत होतं, की कुणीच आपल्याकडे पाहात नाही म्हणजे सगळ्यांनी पाहिलंय.

प्रेक्षकांना अभिवादन करायला मुलींचा संघ स्टँडखाली रांगेत उभा राहिला होता. सगळ्या मुली कमरेतून वाकल्या. अवंतिका वाकली नाही. ती वर बघत होती.

मग ती पायऱ्या चढून आली. गुडघे चिखलानं माखलेले. घरी ती बापाला कायम जपानीतच उत्तर द्यायची. आत्ता मराठीत बोलली, आजूबाजूला कुणाला कळू नये म्हणून.

"बाबा, उचला ते."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"उचला."

श्यामकांत वाकला. बाटली एकीकडे, तिचं झाकण दुसरीकडे, प्लास्टिक तिसरीकडे. सवयीनं हात आपोआप कचरा वेगळा करत होते. मागून उल्काचा आवाज आला, "परफेक्ट, काका. वर बघू नका."

कॅमेरा चालू झाला होता.

बापाची पाठ भरपूर टिपून झाल्यावर उल्कानं माइक अवंतिकापुढे धरला. "अमेरिकेला सांग," ती इंग्रजीत म्हणाली, "कोण आहेत हे?" तिला अर्थातच माहीत होतं. पण लेकीच्या तोंडून 'माझे बाबा' हे शब्द तिला हवे होते. तेवढ्यानं प्रेक्षकांचे डोळे भरून येतात.

श्यामकांत वाकलेलाच राहिला. अवंतिकाची सगळी वाक्यं ऐकून ऐकून त्यालाही पाठ झाली होती. पहिलं वाक्य तो मनातल्या मनात म्हणालासुद्धा.

अवंतिकानं सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ जपानीत सांगितलं, "या माणसाला मी ओळखत नाही."

उल्काला जपानी येत नव्हती. तिनं अंगठा वर केला.

पुढच्या महिन्यात तो भाग अमेरिकेत दाखवला गेला. त्यात गोल नव्हते, सामनाही नव्हता. श्यामकांतची वाकलेली पाठ होती, संथ गतीत, मागे पियानो. मग अवंतिकाचा चेहरा, तिचं ते एकच वाक्य, आणि त्याखाली वाहिनीनं इंग्रजीत घातलेली ओळ: 'जपानमध्ये तुमचा कचरा अनोळखी माणूसही उचलतो.'