तळ्याकाठचा हंडा

आमच्या फुर्नास गावात रविवारचं जेवण तळ्याकाठच्या वाफाळत्या जमिनीत शिजतं. पहाटे हंडा पुरायचा, वर नावाची पाटी रोवायची आणि दुपारी उकरून आणायचा. या रविवारी मांस, कोबी, अळकुड्या सगळं मी एकटीनं रचलं होतं, अगदी शायनिंग मारत! हंडा आणायला आमच्याकडे उतरलेली पाहुणी मारिट हौसेनं गेली.

पहिल्याच घासाला आई थबकली. "यात पुदिना आहे. हा ओडिलियाचा हंडा."

ओडिलिया म्हणजे माझी सख्खी मावशी. आजीच्या घराच्या वाटणीवरून दोघी बहिणींचं बोलणं बंद पडलं, ते पडलंच.

"मारिट, पाटी नाही का गं वाचलीस?" मी ओरडलेच. "माझा पहिलावहिला हंडा तिकडे गेला!"

"वाचली की. तुमचंच नाव होतं," मारिट म्हणाली. "मी पोचले तेव्हा एक बाई दोन पाट्यांची अदलाबदल करत होत्या. मला वाटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

आईनं ताटातलं सगळं संपवलं. मग तिनं रिकामं ताट माझ्यापुढे केलं.

"आहे तशी पद्धत. वाढ अजून. आणि हंडा नेऊन द्यायला मीच जाईन."