तेहतिसावा दिवस

न्हाव्याने टॉवेल झटकला आणि म्हाताऱ्याला खुर्चीकडे खूण केली. म्हातारा बसला. दोघांनी आरशात एकमेकांना मान लववली. आरशाच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'उपवासकाळ. चाळीस दिवस बोलणार नाही. प्रभूसाठी.' त्याखाली कुण्या गिऱ्हाइकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'देवाने अखेर आमचं ऐकलं.'

त्या गिऱ्हाइकाचंही चूक नव्हतं. या न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की केस कापायला वीस मिनिटं आणि सुटायला तास लागायचा. दरवर्षी उपवासकाळात तो मटण सोडायचा, नाहीतर गोड सोडायचा, आणि दुसऱ्या आठवड्यात मोडायचा. यंदा फादर म्हणाले, "जे सोडताना जीव तुटेल ते सोड. तुझं ते काय आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

पहिल्या आठवड्यात जीभ नुसती वळवळत होती. दुसऱ्यात तो मनातल्या मनात गिऱ्हाइकांशी भांडला. तिसऱ्यात कधीतरी, वस्तरा चालवता चालवता, तो येशूशी बोलू लागला. आजवर त्याची प्रार्थना म्हणजे गाडी चुकेल अशा घाईने उरकलेलं काम. आता तो एकेक शब्द सावकाश बोलायचा, आणि कुणीतरी ऐकतंय असं त्याला वाटायचं. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत मात्र भिंती अंगावर यायच्या. तेही त्याने प्रभूच्या पायाशी ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी अख्खं वाहायचं होतं, मधे न मोडलेलं. मधले रविवार उपवासकाळात धरत नाहीत; तसे मोजून आज तेहतिसावा दिवस. सातच उरले होते.

म्हातारा निवृत्त लिफ्टमन. पस्तीस वर्षं त्याने लोकांना एकच प्रश्न विचारला, 'कितवा मजला?' बाकीचं लोक बोलायचे आणि हा ऐकायचा. आपण होऊन गप्पा कशा सुरू करतात, हे त्याला कधी जमलंच नाही.

फेस लावून झाला. म्हातारा खाकरला.

"माझा आवाज बसलाय का हो?"

न्हाव्याने मान हलवून नाही म्हटलं.

"नाही ना? मग ठीक. काय होतं, घरी वापरच नाही. गेल्या शुक्रवारी तुम्हाला 'येतो' म्हणालो, त्यानंतर आजच. मधे एकदा पातेल्याशी बोलून पाहिलं. काही बरं नाही वाटलं."

न्हाव्याचा हात थांबला.

"नाही नाही, तुम्ही करा तुमचं. देवाचं काम आहे. फुकटात माझाही उपवास घडतोय." म्हातारा स्वतःच हसला, थोडा फेस उडाला. "फक्त ते तुमच्या पुतणीचं लग्न... नवरदेव चर्चच्या पायरीवर बूट काढून बसला, इथवर आणलंत आणि पुढच्या शुक्रवाराआधीच राखेचा बुधवार आला, तुमचा उपवास सुरू. पुढचं मी घरी बसून रचतोय. पाच शेवट करून पाहिले. एकही जमेना."

न्हाव्याने त्याची हनुवटी वर केली आणि वस्तरा टेकवला. गालावर मोजून मूठभर खुंट. घरच्या घरी दोन मिनिटांत निघाले असते. तरी हा माणूस सहाही शुक्रवार या मुक्या दुकानात येऊन बसला होता.

न्हाव्याला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते कळेना. एकटेपणा काय असतो ते त्याला या दिवसांत पुरतं कळलं होतं. पण त्याच्या स्वतःच्या एकटेपणाला शेवटची तारीख होती. 'प्रभू, सातच दिवस राहिलेत रे,' तो मनात म्हणाला. 'मग हवं तेवढं बोलेन की याच्याशी.' येशू नेहमीसारखा नुसता ऐकत होता, आणि आज ते ऐकणं न्हाव्याला जड झालं.

एक गाल झाला. दुसरा झाला. ओठावरची जागा त्याने जरा जास्तच वेळ लावून साफ केली. तुरटी फिरवली, टॉवेलने तोंड पुसलं. आता काढण्यासारखं काहीच उरलं नाही.

म्हाताऱ्याने आरशात गाल चाचपले, खुर्चीच्या हातांवर जोर देत तो उठू लागला.

"येतो," तो म्हणाला.

न्हाव्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खाली बसवलं.

"बूट त्याचे नव्हतेच."

आवाज इतका घोगरा निघाला की न्हावी स्वतःच दचकला. गेलं. तेहतीस दिवस गेले. पण तो थांबला नाही. "भावाचे होते. दोन नंबर लहान. आणि तो भाऊ मोठा वस्ताद, काका, तो तर आधीच..."

म्हाताऱ्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीकडे. "अहो, पण तुमचं ते..."

"बसा हो. गोष्ट लांब आहे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि आपण होऊन हनुवटी वर केली. न्हाव्याने ब्रश कोमट पाण्यात बुडवला आणि त्या गुळगुळीत गालांवर पुन्हा फेस लावायला घेतला.