जमीन ऐकत नाही

"परवा हो म्हणालो होतो, ते खरंय," कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला. "पण नाही जमणार, ताई. कसं असतं, गाडी ऐकते, जमीन ऐकत नाही."

भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली. कोल्ड स्टोरेजच्या मागचं काँक्रीटचं आवार रविवारी ओस पडलेलं असायचं. तिथे ड्रिफ्टिंगचा सराव करू द्या, नुकसान झालं तर भरून देते, एवढंच तिचं म्हणणं होतं. परवा हाच माणूस मान डोलवत होता. आणि आज हे वाक्य! प्रदर्शनाच्या मैदानाच्या मुकादमाने हेच ऐकवलं होतं. त्याआधी बंद पडलेल्या वीटकारखान्याच्या मालकीणबाईंनीही. आधी हो, मग नाही, आणि वर हा सुविचार. सगळ्या गावाने मिळून पाठ केल्यासारखा.

स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी होऊ द्यायची आणि तरी तिला मुठीत ठेवायचं, हे काही स्वयंपाकघरात बसून शिकता येत नाही. रात्री-अपरात्री रस्त्यावर हेच करणारे टोळभैरव गावात होते. त्यांच्यातल्या एकाने दूधवाल्याचा पाय मोडला, तेव्हाच भिंगरीने ठरवलं होतं. करायचं तर परवानगीने, मोकळ्या जागेत, नाहीतर स्पर्धेतून नाव मागे घ्यायचं. आता तीच वेळ आली होती.

"नियमाने वागून बघा, म्हणजे कळतं," ती गाडीत बसताना पुटपुटली आणि दार धाडकन आपटलं.

गॅरेजमध्ये ती चाकांचं अलाइनमेंट करायची. मिस्त्री तिला रोज चिडवायचा, "दिवसभर लोकांची चाकं सरळ करतेस आणि स्वतः मात्र आडव्यात शिरतेस!" आज तिचं तोंड बघून त्याने नुसता पाना पुढे केला.

संध्याकाळी ती घरी आली तर आई वॉशिंग मशीनपुढे फतकल मारून बसलेली. मशीनमधलं पाणी तुंबलं होतं. आईने जाळीतून मूठभर खडे काढले आणि तिच्यासमोर धरले.

"बघ, तुझ्या बाबांच्या खिशातले! रिटायर झाल्यापासून नुसतं लहान मूल झालंय. सकाळी फिरायला म्हणून जातात आणि खडे घेऊन येतात. वर दिवसभर कंबर धरून बसतात."

बाबांनी जन्मभर बस चालवली, पण बसला ओरखडा म्हणून उठू दिला नाही. भिंगरीला गाडी त्यांनीच शिकवली. शिकवली म्हणजे काय, शेजारच्या सीटवर बसून पाय दाबत "ब्रेक! ब्रेक!" असे ओरडत राहिले. लांबवर कोंबडी दिसली तरी ब्रेक. एकदा जेवताना तिने उत्साहाच्या भरात सांगितलं, की ड्रिफ्ट करताना घाबरून ब्रेक मारला की सगळा डाव फसतो. बाबा ताटावरून उठून गेले. तेव्हापासून तो विषय बाबांपुढे बंद होता; जागेसाठी कुठे कुठे फिरतेय, ते ती फक्त आईला सांगायची. बाबांच्या जुन्या डेपोत जागा मागायला ती गेली नाही, तेसुद्धा म्हणूनच. त्यांना चार लोकांत मान खाली घालायला कशाला लावायची?

"आणि तुझं काय बिनसलंय?" आईने विचारलं.

"कोल्ड स्टोरेजवाल्यानेही नाही म्हटलं. उद्या नाव मागे घेतेय मी."

पेपरच्या आडून बाबा म्हणाले, "बरंच झालं. गाडी ऐकते, जमीन ऐकत नाही."

भिंगरी गर्रकन वळली. ते वाक्य तिने घरात कधीच, आईलाही, सांगितलं नव्हतं.

"तुम्ही गेला होतात त्यांच्याकडे?"

पेपर खाली आला नाही. "गेलो होतो."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे."

"माझ्या मागून? मिळालेली जागा घालवायला?" तिचा आवाज फाटला. "रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मी सरळ मार्गाने गेले, तर घरातूनच आडकाठी! परक्यांनी केलं असतं तर एवढं लागलं नसतं, बाबा."

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"कोल्ड स्टोरेजच्या आवारात गटाराचं झाकण डुगडुगतंय. मैदानात तंबूची लोखंडी खुंटी राहिलीय, गवतात दिसत नाही. वीटकारखान्याची जमीन आतून खचलीय. सगळीकडे पायी फिरून बघितलं मी. तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस आणि हट्टाने तिथेच गेली असतीस."

हे अगदी खरं होतं. त्यामुळे तिला आणखीच राग आला.

"डेपोमागचं जुनं आवार चांगलंय," बाबा म्हणाले. "साहेबांनी रविवार दिलाय. पोलीस ठाण्यातही सांगून आलो. खडी फार होती. ती वेचून झाली काल."

आईने मूठ उघडून बघितली. खडे अजून ओलेच होते. भिंगरीने त्यातला एक खडा उचलला.

"पहिल्या फेरीला मी शेजारी बसणार," बाबा कंबर धरत उठले.

"नाही झेपणार तुम्हाला."

"माहितीये. मी ओरडेन. ब्रेक, ब्रेक म्हणून बोंबलेन." दारापर्यंत जाऊन ते थांबले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू मारू नकोस."