जोडीतली दुसरी

"लाल दिव्याचीच डिस्क ओढायची, पोरी. सर्व्हर बंद करायचा नाही. पण नवी लवकर बसव. तोवर जोडीतली दुसरी एकटीच सगळा भार ओढते. तीही कधी मान टाकेल, सांगता येत नाही."

उस्ताद तय्यिबांचे शब्द आठवत मबरूकानं बिस्मिल्ला म्हटलं आणि नवी डिस्क आत सरकवली. वर इस्पितळात कुणाला कळलंही नाही.

तेवढ्यात गावाकडून, केफहून, धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ईदला येते म्हणालीस. कुठल्या ईदला, ते विचारायचं राहिलं!"

"आईला अंथरुणातून उचलायला कोण असतं गं?"

"दादा होता तोवर दोघं होतो. आता मीच. मला काय धाड भरलीय!"

दुसरीवरची सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरून दिवा हिरवा झाला, तशी मबरूका डोक्यावरचा रुमाल सावरत केफच्या वडापकडे निघाली.