उतारावरची माती

थोरल्या लेकाने मशिन लावून अख्ख्या उताराची एका दिवसात हजामत केली. आई म्हणाली, "तोडलेली झुडपं उतारावर आडवी रचून ठेव, माती अडेल."

"आई, तुला यातलं काय कळतं?" म्हणत त्याने सगळी झुडपं कुंपणापलीकडे, बहिणीच्या खालच्या जमिनीत ढकलून दिली.

चार दिवस पाऊस कोसळला. वर नुसते दगड उरले. सगळी माती बहिणीने आडव्या रचलेल्या त्याच झुडपांपाशी जाऊन बसली. थोरला घमेलं घेऊन गेला, तर बहीण त्या मातीत भोपळ्याच्या बिया लावत होती.

तो तणतणत घरी आला. "तिला तूच सांगितलंस ना?"

आई शेंगा सोलत राहिली. "तिला कशाला सांगू? तुलाच सांगत होते. माझा आवाज कुंपणापलीकडे पोचतो, तुझ्या कानात तेवढा शिरत नाही."