बायकांना बोट लागते

बोटीच्या गार, बंद केबिनमध्ये पोशा तांडेल पिशवीत तोंड खुपसून बसले होते. अंदमानच्या एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे निघून जेमतेम अर्धा तास झाला होता. वेसाव्याच्या दर्यात त्यांनी चाळीस वर्षं स्वतःच्या होडीचं सुकाणू धरलं होतं, पण काचेआड हात बांधून बसायची वेळ कधी आली नव्हती.

शेजारी धुरपदा मजेत चकली खात होती. लग्नापासून ती होडीतून न्या म्हणायची आणि दरवेळी त्यांचं एकच उत्तर असायचं, "बायकांना बोट लागते."

तिनं त्यांच्या हातावर आलेपाकाची वडी ठेवली.

"गावात कुनाला सांगू नको," ते पुटपुटले.

"नाय सांगनार. घरी गेल्यावर होडीत मी पुढं बसनार. तुमी मागं बसा, पिशवी घेऊन."